किल्ल्या हातात पडल्यावर

अमेरिकेने मुंबईत आपला पहिला कॉन्सुल नेमला तो १८३८ साली. तेव्हापासून कितीतरी देशांचे अधिकारी या शहरात आले, दोन-तीन वर्षं राहिले आणि पुढच्या नेमणुकीवर निघून गेले. त्यांनी मायदेशी पाठवलेले अहवाल त्या त्या सरकारच्या दप्तरात नीट बांधून ठेवलेले असतात. त्यांच्या न्हाणीघरातला गीझर कोणी दुरुस्त केला, पोराला रात्री ताप चढला तेव्हा कोणत्या डॉक्टरला उठवलं, पहिल्या पावसाळ्यात कपाटातल्या कोटांना बुरशी आली तेव्हा काय केलं, याचं दप्तर मात्र कुठेच नसतं. ही माहिती कॉन्सुलेटमधल्या स्थानिक कर्मचाऱ्यांच्या डोक्यात आणि ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये असते. ती माणसं निवृत्त झाली की तीही त्यांच्याबरोबर घरी जाते.

या पुस्तकाच्या लेखिकेने ती माहिती कागदावर आणली आहे. मुंबईत नव्याने येणाऱ्या परदेशी वकिलातींच्या कुटुंबांचं बस्तान बसवून देण्याचं काम तिने बरीच वर्षं केलं. मीही एका कॉन्सुलेटच्या घरं पाहणाऱ्या विभागात नोकरी केल्यामुळे तिने प्रस्तावना माझ्याकडे मागितली असावी.

पहिला प्रश्न कुणीही विचारील तो असा, की परदेशी कुटुंबांसाठी असलेलं मार्गदर्शन मराठीत कशाला? त्यांना थोडंच मराठी वाचता येतं! येणाऱ्यांसाठी त्यांची त्यांची सरकारं आपापल्या भाषेत भरपूर लिहितात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात तर कुटुंबांच्या अडचणींसाठी १९७८ पासून वेगळी कचेरीच आहे. पण घर भाड्याने देणारा मालक, ना-हरकत पत्रावर सही करणारे सोसायटीचे सेक्रेटरी, गेटवरचा वॉचमन, शाळेच्या ऑफिसातल्या बाई, घरकाम करणाऱ्या मावशी, सामान सोडवणारा क्लिअरिंग एजंट, यांच्यासाठी कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी टेबल मिळतं, ओळखपत्र मिळतं, दुपारच्या जेवणाला सोबत मिळते. तो सोमवारी स्थिरावलेला असतो. त्याचं कुटुंब तेव्हा रिकाम्या फ्लॅटमध्ये सुटकेसवर बसून इंटरनेटवाल्याची वाट बघत असतं. त्या कुटुंबाला शहरात रुजवतात ती वर सांगितलेली माणसं, आणि ती बहुतेक सगळी मराठी वाचणारी आहेत. पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

या लोकांच्या मनात सगळ्यात मोठा गोंधळ असतो तो इम्युनिटीचा. ‘ते डिप्लोमॅट, त्यांना पोलीस हात लावू शकत नाहीत, कोर्टात खेचता येत नाही, भाडं थकवलं तर करणार काय?’ हे मी घरमालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की या पुस्तकातलं कायद्याचं प्रकरण सगळ्यात आधी वाचावं असं मी सुचवीन. दिल्लीत दूतावास आहेत. तिथल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना १९६१ चा व्हिएन्ना करार लागू होतो. मुंबईत आहेत ती कॉन्सुलेट्स, म्हणजे वाणिज्य दूतावास. त्यांचा व्हिएन्ना करार वेगळा, १९६३ चा, आणि तो बराच हात आखडता घेणारा आहे. कॉन्सुलर अधिकाऱ्याला न्यायालयापासून संरक्षण मिळतं ते मुख्यतः त्याच्या अधिकृत कामापुरतं. त्याच्या गाडीने कुणाला धडक दिली आणि जखमी माणसाने भरपाईचा दावा लावला, तर त्या दाव्यात हे संरक्षण पुढे करता येत नाही, असं करारातच लिहिलं आहे. दोन्ही करारांत आणखी एक कलम आहे, जे परदेशी पाहुणे आणि आपण दोघेही सोयीस्कर विसरतो : सवलती असोत नसोत, यजमान देशाचे कायदे पाळणं हे त्यांचं कर्तव्य आहे. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सीसी’ लिहिलेली गाडी नो-पार्किंगमध्ये उभी दिसली तर वॉचमनने सलाम ठोकण्याऐवजी ती हलवायला सांगावी. त्याला तो पूर्ण अधिकार आहे.

घरमालकाची भीती तर उलट्या पायावर उभी आहे. मुंबईत घर भाड्याने दिलं की भाडेकरू चिकटून बसेल, पागडीच्या चाळीसारखं होईल, ही धास्ती जुनी. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने परदेशी वकिलातींना दिलेल्या जागा आपल्या कक्षेबाहेरच ठेवल्या आहेत. म्हणजे बँकेला किंवा बड्या कंपनीला जागा दिल्यासारखंच हे. मालकाने खरी काळजी करायची ती करारातल्या एका वेगळ्याच कलमाची. दलालांच्या भाषेत त्याला ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ म्हणतात. अधिकाऱ्याची अचानक बदली झाली किंवा त्याच्या सरकारने त्याला परत बोलावलं, तर ठरलेली मुदत संपायच्या आत नोटीस देऊन घर सोडता येतं. मालकाला लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी घर न सोडण्याची हमी, हवं असतं, वकिलातीला सुटका हवी असते, आणि दोघांमधली घासाघीस कधीकधी भाड्याच्या आकड्यापेक्षा लांबते. या कलमाचे दोन-तीन नमुने लेखिकेने दिले आहेत, ते मालकांनी वकिलाला दाखवावेत.

आता ऋतूकडे येते, कारण या सगळ्या विषयाची गोम तिथे आहे. पाश्चात्त्य देशांतल्या बदल्या त्यांच्या उन्हाळ्यात होतात. शाळा जूनमध्ये सुटते, ऑगस्टमध्ये नवी सुरू होते, तेवढ्या फटीत कुटुंब हलवायचं. म्हणजे ती मुंबईत उतरतात जुलैत, नाहीतर ऑगस्टच्या सुरुवातीला. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लंडनला वर्षभरात ६००च्या आसपास. जे शहर डिसेंबरात दाखवलं तर पाहुण्याच्या मनात भरेल, ते आपण त्यांना ओलं, गळकं, खड्ड्यांचं आणि वास मारणारं असताना प्रथम दाखवतो. त्यात घरची सवय अशी की घराबाहेर पडल्याशिवाय मुलांना करमत नाही. पहिले सहा आठवडे चार भिंतींत गेले की बायको किंवा नवरा, जो कुणी नोकरीशिवाय सोबत आला असेल तो, मनातल्या मनात परतीचं तिकीट काढतो. बदलीचा महिना आपल्या हातात नाही. पण घर आधी पाहून ठेवणं हातात आहे, आणि ते पावसात पाहून ठेवावं.

घर पाहणं ही एक विद्या आहे, आणि लेखिकेचं हे प्रकरण मला सगळ्यात सरस वाटलं. फेब्रुवारीत पाहिलेला समुद्रकाठचा फ्लॅट स्वर्गासारखा दिसतो. तोच फ्लॅट जुलैत पाहा. पश्चिमेकडच्या खिडकीच्या चौकटीखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर वारा पाणी आत ढकलतो आहे. बेडरूमच्या कोपऱ्यात, पंख्याच्या उंचीवर, रंगाला फुगे आलेत का पाहा. आलेले फुगे खरवडून नवा रंग मारला असेल तर तेवढाच चौकोन जास्त पांढरा दिसतो. वरच्या मजल्यावरच्यांचं न्हाणीघर नेमकं कुठे येतं हे विचारा. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून नाक आत घाला. एवढं करायला पाच मिनिटं लागतात, आणि दलालाला ती आवडत नाहीत. लेखिका सांगते की बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट रिकामंच ठेवायला सांगा. मी यात एवढीच भर घालीन की कातडी बूट, चामड्याच्या बॅगा आणि पियानो यांच्यासाठी डीह्युमिडिफायर कुटुंब येण्याआधी चालू करून ठेवा. पियानो घेऊन येणारे निघतातच.

कुठल्या भागात राहावं, हा प्रश्न गेल्या पंधरा वर्षांत पार बदलला आहे. पूर्वी वकिलाती म्हणजे नरिमन पॉइंट, कम्बाला हिल, ब्रीच कँडी, नेपियन सी रोड असा सरळ हिशेब होता. अमेरिकेचं कॉन्सुलेट ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये, म्हणजे वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात होतं. २०११ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, गेलं. ब्रिटनचं डेप्युटी हाय कमिशनही तिकडेच गेलं. अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे तिथेच आहे. मग घरं पाली हिल, खार, वांद्र्याकडे सरकली. तरी जर्मन कुटुंबांचा ओढा दक्षिणेकडे राहतो, कारण १९६१ साली सुरू झालेली त्यांची शाळा ब्रीच कँडीत आहे आणि वकिलात नरिमन पॉइंटला. किनारी रस्ता २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो सुरू झाली, त्यामुळे अंतरांचं गणित पुन्हा मांडावं लागतं आहे. माझा सल्ला जुनाच आहे. घर शाळेजवळ घ्या, ऑफिस लांब पडलं तरी चालेल. अधिकाऱ्याला गाडी आणि ड्रायव्हर असतो; सहा वर्षांच्या मुलीला शाळेच्या बसमध्ये दीड तास बसवणं ही शिक्षा आहे.

पत्त्याची गंमत पुस्तकात एका तक्त्यात दिली आहे, तो तक्ता फ्रिजवर चिकटवून ठेवण्याजोगा आहे. करारावर लिहिलेलं असतं लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग. टॅक्सीवाल्याला ठाऊक असतो नेपियन सी रोड. कागदावर भुलाभाई देसाई रोड, तोंडात वॉर्डन रोड. डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग म्हटलं तर तिथे जन्मलेला माणूसही क्षणभर थांबतो. पेडर रोड म्हटलं की झालं. ११२ ला किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायची वेळ आली तर घाबरलेल्या माणसाला यातलं कोणतं नाव सुचेल? म्हणून दोन्ही नावं आणि जवळची खूण, म्हणजे देऊळ, पेट्रोल पंप किंवा सिग्नल, घरातल्या सगळ्यांना, आयांसकट, पाठ हवी. पाणी तुंबलं, झाड पडलं तर महापालिकेचा १९१६. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी शाळेच्या बसेस कुठे अडकल्या होत्या हे ज्यांनी पाहिलं, ते भरतीचं वेळापत्रक आजही रोज बघतात.

मग सामान येतं. समुद्रमार्गे आलेला कंटेनर न्हावा शेवाला उतरतो. करमाफीचे कागद, राजशिष्टाचाराचे शिक्के, कस्टमची तपासणी यांत दिवस जातात, आणि कागद अपुरे असले तर डेमरेज चढत जातं. हा भाग लेखिकेने चोख लिहिला आहे, तो जसाच्या तसा पाळावा. मला बोलायचं आहे ते शेवटच्या शंभर फुटांबद्दल. कंटेनर गल्लीत शिरत नाही, म्हणून सामान वाटेत टेम्पोंत उतरवून आणावं लागतं. सोसायटीचा नियम असतो की सामान फक्त सर्व्हिस लिफ्टने, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार बंद, रविवारी अजिबात नाही. टेम्पो येतो सव्वा वाजता. लिफ्टच्या दारात तीन आसनी सोफा उभा केला की कळतं, तो आडवाही जात नाही आणि तिरकाही. वरून पाऊस. ताडपत्रीखाली पुस्तकांची खोकी. लिफ्टमनची जेवणाची वेळ. माथाड्यांचा मुकादम म्हणतो जिन्याने चढवायचं तर दर वेगळा, आणि त्याचं म्हणणं रास्त असतं, कारण मजला चौदावा आहे. बाजूला त्या कुटुंबातली बाई हातात यादी घेऊन उभी, एकेका खोक्यावर खूण करते आहे आणि तिला यातला एक शब्द समजत नाही. या दिवशी सेक्रेटरींनी खाली येऊन दोन ते चारचा नियम तेवढ्यापुरता शिथिल केला, तर पुढची तीन वर्षं त्या घरातून सोसायटीला तक्रारीचं एक पत्र जाणार नाही. लिफ्टच्या दाराचं आणि आतल्या खोलीचं माप मालकाने घर दाखवतानाच लिहून द्यावं. लाकडी पेट्या भंगारवाल्याला द्यायच्या की वॉचमनला, हे आधी ठरवावं. त्यावरून भांडणं होतात.

विजेचा मुद्दा थोडक्यात. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानात १०० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाही. म्हणून त्यांच्याकडचं विजेच्या फेऱ्यांवर चालणारं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं आणि काही मोटारी तापतात. इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी यंत्रामागची पाटी वाचावी.

आणू नयेत अशा वस्तूंची यादी पुस्तकात लांबलचक आहे. तिच्यातल्या दोन वस्तू मी वारंवार अडकलेल्या पाहिल्या आहेत. ई-सिगारेट, जिच्या आयातीवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि परवानगीशिवाय आणलेला सॅटेलाइट फोन. दोन्ही वस्तू त्यांच्यापैकी अनेकांच्या देशात सहज विकत मिळतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही. खाण्यापिण्याचंही तसंच. गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ पासून संपूर्ण बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. दारूबाबत १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे. व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत, बिअरला २१. बर्लिनहून सुट्टीत आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा घरी आईबापांसमोर बिअर पीत असेल. इथे हॉटेलात त्याला ती मिळणार नाही, आणि वेटरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आरोग्याच्या प्रकरणात डासांना मोठी जागा मिळाली आहे आणि ती रास्त आहे. परदेशी घरांत मलेरियाची धास्ती असते, डेंग्यूची कमी. डेंग्यूचा डास घाणीत वाढत नाही, त्याला स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, फुलदाणी, एसीच्या पाण्याचा डबा, गच्चीवर विसरलेलं मुलांचं खेळणं, एवढं त्याला पुरतं. अंड्यातून उडता डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी उपडी करून आतून घासायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा ‘फॉरेनर लोकांचं घर आहे, तिथे नको’ म्हणून वॉचमन त्यांना परत पाठवतो. हे बंद झालं पाहिजे. सगळ्यात जास्त कुंड्या त्याच घरात असतात. पावसाच्या पाण्यातून चालणं झालं असेल आणि नंतर ताप आला, तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. बाहेरून आलेल्या माणसाला ते नावच ठाऊक नसतं.

सोसायटीवाल्यांसाठीचं प्रकरण वाचताना काही मंडळी चिडतील. चिडू द्या. परदेशी भाडेकरू आहे म्हणून बिनवापर शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) दुप्पट मागायचं, ही रीत अनेक इमारतींत आहे. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. कुत्र्याला लिफ्टमध्ये मज्जाव करणारे ठराव सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्यावर त्या टाळ्यांचं काय करायचं ते बघा. मांसाहारी भाडेकरू नको हा अलिखित नियम तर सगळ्यांना माहीत आहे. तो आधीच स्पष्ट सांगावा, टोकन घेतल्यावर नव्हे. दुसऱ्या बाजूनेही तक्रारी खऱ्या असतात. रात्री साडेबारापर्यंत गच्चीवरची पार्टी, मोठ्याने संगीत, आणि ‘आम्ही वकिलातीचे’ हा सूर. तेव्हा सेक्रेटरी काकांनी चिठ्ठी पाठवण्याऐवजी वर जाऊन दार वाजवावं. गणपतीच्या दिवसांतला ढोल आपल्याला सण वाटतो आणि त्यांच्या तान्ह्या बाळाला काय वाटतं, हेही त्याच भेटीत कळेल. विसर्जनाला कोणते रस्ते बंद आणि किती वाजेपर्यंत, हे आधी सांगितलेलं कुटुंब त्या दिवशी खिडकीत उभं राहून मजा बघतं. न सांगितलेलं कुटुंब विमान चुकवतं.

घरकामाच्या मावशींबद्दल लेखिकेचं आणि माझं एकमत आहे, आणि ते अनेक शेजाऱ्यांच्या पचनी पडणार नाही. ‘ते लोक जास्त पगार देऊन रेट बिघडवतात’, हे वाक्य प्रत्येक इमारतीत ऐकू येतं. रेट बिघडू दे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण आठवड्याची सुट्टी, आजारपणातला पगार आणि कामाचे ठरलेले तास ज्या घरांत मिळतात त्यांत परदेशी घरांचा वाटा मोठा आहे. त्यांना शिकवायचं ते वेगळं. दिवाळीला एका पगाराइतका बोनस हा इथला रिवाज आहे आणि तो न मागता द्यायचा असतो. गावी लग्न असलं की आठ दिवस रजा लागणारच. ‘नाही जमणार’ असं तोंडावर म्हणायला बाई संकोचते, म्हणून प्रश्न असा विचारावा की तिला नाही म्हणायची सोय राहील. मावशींनाही एक सांगणं आहे : पगार रोख घेतला तरी महिन्याला सही करून वहीत नोंद ठेवा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

जोडीदाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं होतं असं मला वाटतं, म्हणून इथे भर घालते. १९७२ पर्यंत अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत अधिकाऱ्याच्या कामगिरीच्या अहवालात त्याच्या बायकोच्या पाहुणचाराचीही दखल घेतली जात असे. त्या वर्षी ती प्रथा बंद झाली. आपल्याकडे परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना तर लग्न झालेल्या स्त्रीवरच्या जाचक नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, १९७९ साली. म्हणजे जोडीदार हा पदाबरोबर फुकट येतो ही समजूत कुठल्या एका देशाची नाही. आज सोबत येणारा माणूस स्वतः वकील असतो, वास्तुरचनाकार असतो, दाई असते. इथे त्याला नोकरी करायची तर दोन देशांत तसा समझोता हवा आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी हवी, आणि त्या नोकरीपुरतं संरक्षण सोडावं लागतं. घरी बसून पैसे घेऊन जर्मन शिकवणंसुद्धा यात येऊ शकतं. शेजारच्या वहिनी प्रेमाने म्हणतात, ‘माझ्या मुलाला शिकवशील का, फी घे’, तेव्हा ती परदेशी शेजारीण गडबडते ती याच कारणाने, भाव खात नसते. तिला भिशीला बोलवा, मंडईत न्या, सोसायटीच्या लायब्ररीचं काम द्या. ओळख वाढायला एवढं पुरतं, आणि परवानगी कुणाची लागत नाही.

मुलांचं प्रकरण छोटं आहे, पण एक धागा त्यात आला आहे तो मला ठाऊक नव्हता. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला, आणि आई-वडिलांच्या देशाची नाहीत आणि राहत्या देशाचीही नाहीत अशा मुलांचा, ‘थर्ड कल्चर किड्स’चा, विचार त्यातून पुढे आला. आज जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांत ही संज्ञा रोजची झाली आहे. इमारतीतल्या मुलांनी खाली क्रिकेट खेळताना अशा एखाद्या मुलाला फिल्डिंगला उभं केलं, तर त्याला चेंडू कुठून आला ते कळत नाही, पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. शाळांच्या तारखा मात्र जुळत नाहीत. आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यांच्या ऑगस्टमध्ये, जपानी शाळेचं वर्ष तर एप्रिलला सुरू होतं. सुट्टीत सोबत खेळायला कोण असेल याचा विचार आयांनी आधी करावा.

एका प्रकरणाशी माझं जमलं नाही : ‘भारतीय संस्कृतीची ओळख’. हात कसा जोडावा, बूट कुठे काढावेत, डोकं आडवं हललं म्हणजे होकार की नकार. हे सगळीकडे छापलेलं असतं आणि पाहुण्याला चार दिवसांत आपोआप कळतं. मी लेखिकेला ते काढायला सांगितलं. तिने ते अर्धं केलं. राहिलेल्या अर्ध्या भागात भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोची आणि मोटारी नसलेल्या माथेरानची माहिती आहे, ती कामाची आहे.

निरोपाचं प्रकरण शेवटी आहे, ते ड्रायव्हर, मावशी आणि आया यांनी आवर्जून वाचावं. कुटुंब जाताना शिफारसपत्र देतं, आणि बहुतेक पत्रांत ‘प्रामाणिक, हसतमुख, आमच्या घरातलाच एक’ एवढंच असतं. असं पत्र पुढच्या घरी कुणी वाचत नाही. ते लिहून घेताना संकोच सोडून सांगा की काम कधीपासून कधीपर्यंत केलं ते घाला, पगार किती होता ते घाला, गाडी कोणती, रात्रीचं आणि घाटातलं ड्रायव्हिंग केलं का, मुलांना शाळेत एकट्याने सोडलं का, स्वयंपाकात काय काय येतं, अंड्याची आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचं जेवण सांभाळलं का, हे घाला. खाली सहीबरोबर पूर्ण नाव, हुद्दा आणि दोन वर्षांनीही चालू राहील असा ईमेल हवा. कचेरीचा पत्ता बदलीनंतर बंद होतो. पत्राच्या दोन प्रती घ्या, एक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, आणि कुटुंब विमानतळावर निघायच्या आदल्या आठवड्यात घ्या. शेवटच्या दिवशी त्यांचा प्रिंटर खोक्यात गेलेला असतो.